यादीत न लिहिलेलं पॅकेज

आईची नजर गेल्यापासून कॉम्प्युटरच तिला पुस्तकं वाचून दाखवायचा. आज सिस्टिम अपडेट झाली आणि त्याची वाचाच बसली.

वाचनाचा प्रोग्राम ताईनं लिहिलेला; तो ज्या मुक्त, कुणीही हातभार लावावा अशा सिस्टिमवर चालायचा, तिच्यातली जुनी पॅकेजं, म्हणजे प्रोग्रामांना लागणारे तयार सुटे भाग, काढायचं काम धाकट्या भावाचं. आईच्या घरातून ताई स्पीकर लावून फोनवर त्याच्यावर कडाडली, "आवाजाचं पॅकेज काढलंस?"

"ते तुझ्या प्रोग्रामला लागतं, असं त्याच्या गरजांच्या यादीत लिहिलंस कुठं, ताई?"

ताई वरमली. तिच्या मशीनवर ते पहिल्यापासून होतं. लिहायचं सुचलंच नव्हतं.

"मग परत घाल की, शहाण्या!"

"ते पॅकेज सांभाळणारा माणूस वारला गं. नव्या सिस्टिमवर ते चालतच नाही."

ताई फोन ठेवू लागली, तशी मुक्या कॉम्प्युटरपाशी बसलेली आई म्हणाली, "भांडा ना अजून. तेवढाच घरात आवाज."