मुशीच्या तेलाची फियाट

"तोंड मिटून घ्या, भागोजी," मथुरावहिनी बाहेरून म्हणाली, पण तोवर उशीर झाला होता. फियाटच्या पोटाखालून काळ्या तेलाचा एक थेंब सरळ माझ्या जिभेवर पडला. मी सरपटत बाहेर आलो आणि फणसाच्या बुंध्याशी जाऊन सकाळचा चहा ओकून टाकला.

मुशीचं तेल. होड्यांच्या बुडाला लावतात ते, मुशी माशाच्या काळजाचं. वहिनीचा नवरा भिकाजी दर्यावर्दी खारव्यांच्या घरातला. होडी विकून त्याने ही जुनी फियाट घेतली आणि जयगडहून रत्नागिरीला भाडी मारायला लागला, पण डोकं होडीचंच राहिलं. दर पावसाळ्याआधी तो गाडीला खालून तेल चोपडायचा. तो गेल्यापासून गाडी माडाच्या झापांच्या मांडवाखाली उभी होती आणि तेल वहिनी चोपडत होती. थरांवर थर चढून त्याचा चिकट लगदा झाला होता. त्यात माशा, उंदरांचे केस आणि एक अख्खी वाळलेली पाल.

"ह्या काय केलात वैनी? गाडी हाय ही, होडी नाय."

"खाऱ्या वाऱ्याला काय ठाव, गाडी हाय का होडी?" ती म्हणाली.

मी स्क्रू ड्रायव्हरने खरवडून पाहिलं. आत पत्रा धडधाकट होता. दर्यावरच्या गावात एवढ्या वर्षांत दुसरी कुठलीही गाडी चाळण झाली असती. पण म्हणून वास काही कमी होत नव्हता.

वरचा सगळा भाग तर त्याहून घाण. मागची सीट उचलली तर काथ्यात उंदराची लालभडक पिल्लं वळवळत होती. टाकीतलं पेट्रोल आंबून डांबरासारखं झालेलं. टाकी उतरवून तिच्यात रॉकेल आणि खडी घातली आणि खांदे दुखेपर्यंत खळखळवली. वायरी उंदरांनी खाल्लेल्या, ब्रेक जाम. गाडी चालू करून द्या, पण नवीन काही आणायचं नाही, जुन्यावर भागवा, असं वहिनीच्या मुलाने, विनीतने बजावलं होतं. त्यामुळे टायर कुणाचे तरी उतरलेले, वायरी मोडीतल्या रिक्षाच्या. विनीत मोटारसायकलवरून यायचा, लांब उभा राहून नाकाला रुमाल लावायचा आणि खालचं तेल धुऊन टाका म्हणायचा. वहिनी हात लावू देत नव्हती. खर्च मात्र तिच्याच काजूबीच्या पैशांतून चालला होता.

त्या घाणीत मी टिकलो ते एकाच गोष्टीपायी. वहिनीचं माहेर रत्नागिरीपलीकडच्या नाटे गावात. तुला पुढच्या सीटवर बसवून माहेरी नेईन, असं भिकाजी जन्मभर म्हणत राहिला. ती लुगडं नेसून तयार झाली की नेमकं कुणीतरी आजारी माणूस घेऊन दारात हजर. मग पुढे बसायचा पेशंटचा भाऊ नाहीतर बाप, आणि वहिनी परत चुलीपाशी. स्वतःच्या गाडीत ती पुढे कधी बसलीच नाही. गाडी चालू झाली की तुला नाट्याला नेतो, असा शब्द आता विनीतने दिला होता.

शेवटी एका सकाळी इंजिन खोकलं आणि काळा धूर ओकत चालू झालं. वहिनी घडीचं लुगडं नेसून पुढे बसली. मांडीवर भावासाठी काजू-सुकटीचं गाठोडं, पायाशी तेलाचा डबा. मी चालवायला, विनीत मागे. आरटीओच्या पासिंगचं काय, विचारलं तर विनीत म्हणाला, वाटेत रत्नागिरीत उरकू. वहिनी समोरच्या काचेतून रस्त्याकडे अशी बघत होती की मी मुद्दाम गाडी हळू चालवली.

गणपतीपुळ्याला विनीत म्हणाला, "काका, हितं आत घ्या."

नवं हॉटेल होतं. फाटकाजवळ सिमेंटचा ओटा बांधून तयार. मालक नाक दाबत आला आणि हा घाण वास कसला म्हणून चिडला. त्याच्या बोलण्यातून मला उलगडलं. विनीतने गाडी विकली होती. इंजिन काढून तिथे फुलझाडं लावणार होते, गिऱ्हाइकांना फोटो काढायला. पासिंग कुणालाच नको होतं. गाडी आपल्या पायांनी इथवर आली की उचलून आणायचं भाडं वाचणार, एवढ्यासाठी माझी मेहनत आणि त्याच्या आईची काजूबी.

"आनि नाटे?" मी विचारलं.

"आई यष्टीने जाईल की," विनीत म्हणाला. "फाट्यावर सोडा तिला."

मला तेलाने आली नव्हती एवढी किळस आली. मी थुंकलो. त्याच्या बुटापासून वीतभर लांब, एवढंच भान राहिलं.

वहिनीने पायाशी ठेवलेला तेलाचा डबा उचलला. मग उतरली आणि डबा मालकापुढे धरला. "पावसाआदी खालून लावा."

मालक दोन पावलं मागे सरकला. "आई, फेक ते," विनीत खेकसला.

तिने डबा परत कडेवर घेतला. गाडीकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, "मंग गंजूंदे."

गाठोडं उचलून मी वहिनीला चालत फाट्यावर आणलं. मी रिक्षा करतो म्हटलं, तिने मानेनेच नको म्हटलं. रत्नागिरीची एसटी आली. वहिनी पहिल्याच बाकावर बसली. शेजारच्या बाईने डब्याकडे पाहिलं, पदर नाकाला लावला आणि उठून मागे गेली. वहिनीने रिकाम्या जागेवर गाठोडं ठेवलं, डबा मांडीवर घेतला आणि पुढच्या काचेतून रस्त्याकडे बघायला लागली.