पाठीची बटणं

“हे माजं हाय,” इझाबेलमावशी म्हणाली आणि इस्त्रीच्या टेबलावरचा बाळाचा झगा तिनं दोन्ही हातांनी उचलून घेतला. “कुनाला इचारून कापलंस?”

रुमानाच्या हातात गरम इस्त्री तशीच राहिली. सकाळपासून ती खिडक्या लावून, पंखा बंद करून बसली होती. बांधकामांची आणि डंपरांची धूळ आता पनवेलमध्ये घराघरांत शिरते, आणि पांढऱ्या साटनवर एकदा बसली की निघत नाही. कापडाला घाम लागू नये म्हणून मनगटाखाली टॉवेल घेऊन तिनं शेवटची लेस टाचली होती. रविवारी बाळाचा बाप्तिस्मा. झगा तयार झाला म्हणून तिनं नुकताच कुठे श्वास सोडला होता, तेवढ्यात ही म्हातारी धापा टाकत जिना चढून आली.

“मावशी, चुरगळेल तो. तुमच्या सुनेनंच दिला ना ड्रेस? मी विचारलं होतं ग्लेनिसला.”

आणि ते खरंच होतं. कुणाचा जुना कपडा कापायचा असला की रुमाना मालकाच्या तोंडून ‘काप’ हा शब्द ऐकल्याशिवाय कात्री उचलत नसे. ग्लेनिसला तर तिनं परत परत विचारलं होतं. “काप गं, मम्मीला माहीत आहे,” असं ग्लेनिस म्हणाली होती. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर तिला मूल झालेलं. आजीच्या लग्नाच्या ड्रेसमधून नातवाचा झगा करायचा, हे रुमानालाही फार आवडलं होतं.

“मना कोन काय बोललं नाय,” मावशी म्हणाली. “बिछान्याखालची पेटी उघडली तं रिकामी. अगं, तो डरेस मी मरनासाठी ठेवलेला. माज्या सासूला तिच्या लग्नाच्या लुगड्यात निजवली, मना बी तसंच जायाचं व्हतं. माज्या नवऱ्यानं, बस्त्यावनं, बोटीवरनं आनलेलं कापड हाय ते, एडनचं. गावात पयला पांढरा फ्राक माजा. आता वर गेल्यावर त्याच्यासमोर काय गाऊन घालून उभी ऱ्हाऊ?”

रुमानानं फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

“ओ गॉड, ती तुझ्याकडे आलीय?” ग्लेनिस म्हणाली. “रुमाना, प्लीज, मला आता टेन्शन नको. तिने कधी सांगितलंच नाही नीट. मरणाचं काढलं की हे टीव्हीचा आवाज वाढवतात. पण तू तरी एकदा तिला विचारायचं ना!”

रुमानाच्या मस्तकात तिडीक गेली. एका घरात राहणाऱ्या दोन बायका एकमेकींशी बोलत नाहीत, आणि दोष कात्रीचा! तिनं फोन ठेवला. संताप ग्लेनिसचा होता, मावशीचा होता, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा. इतक्या जुन्या कपड्याची खरी मालकीण कोण, हे तिला कळायला हवं होतं.

“उसव,” मावशी म्हणाली. “उसवून परत लाव.”

“शिवण उसवेन हो मावशी. पण कापलेलं कसं जोडू? पुढचा भाग सगळा बाळाच्या झग्यात गेलाय.”

“मंग मी रविवारी चर्चला येनार नाय. माज्याच कापडाचा तमाशा बघू काय?” झगा टेबलावर टाकून ती दाराकडे वळली. दारापाशी पोचली आणि चौकटीला धरून उभी राहिली. रडत होती.

रुमानानं कपाटातून जुन्या उशीचा अभ्रा काढला. उरलेलं कापड त्यात होतं. पाठीचा भाग वरपासून खालपर्यंत शाबूत होता, मधोमध कापड मढवलेल्या बटणांची ओळ. दोन्ही बाह्याही होत्या.

“बसा इथे,” ती चिडक्या आवाजातच म्हणाली. “मागचं पुढे घेते. बाह्या परत बसवते. पाठीला पांढरं पॉपलीन लावते.”

“उलटा फ्राक घालून जाऊ?”

“मग काय करू मी? तुम्हीच सांगा!”

मावशीनं डोळे पुसले. त्या बटणांवरून एकदा बोट फिरवलं. “मेल्यावर पेटीत पाठ कोन बघनार म्हना,” ती पुटपुटली. “घे माप.”

रुमानानं टेप उचलली आणि हात थांबला. तिच्या अम्मीच्या वेळी कफनाचं कापड हातानं फाडलं होतं. मशीन नाही, टाका नाही. “मावशी, आमच्यात मय्यतीला शिवलेलं घालत नाहीत. मी असलं कधी शिवलं नाही.”

“आमच्यात घालतात. आनि मी काय लगेच मरत नाय. घे.”

रुमाना मनातल्या मनात दुआ पुटपुटत माप घेत गेली. जित्याजागत्या बाईची छाती मोजताना तिला लाज वाटत होती. हाडं हाताला लागत होती.

ते दोन दिवस तिनं दुसरं काम हातात घेतलं नाही. जुनं साटन सुईखाली विरत होतं, एक टाका घातला की शेजारी चीर जायची. आतून मलमलचं अस्तर लावलं, तेव्हा कुठे ते धरलं. “शनिवार आला, झगा कधी पाठवतेस?” म्हणून ग्लेनिसचे फोन चालूच होते.

मावशी शनिवारी आली. ड्रेस अंगावर चढवून आरशासमोर उभी राहिली. बाह्या किंचित सैल, एरवी नीट. बटणांची ओळ आता पुढे होती, कमरेपासून गळ्यापर्यंत. रुमाना बटणं लावायला वाकली, तर मावशीनं तिचा हात बाजूला केला.

“लग्नाच्या दिवशी आयेनं लावली. सोडली बस्त्यावनं. मना कुठं माज्या हातान लावाया मिलाली?”

ती खालून सुरू झाली. बोटं सांध्यांत वाकलेली. दोऱ्याचा फास धरला की बटण निसटायचं, बटण धरलं की फास. रुमानाचे हात शिवशिवत होते. पलंगावर फोन वाजत होता, ग्लेनिसचाच असणार. तिनं तो उचलला नाही. मावशी ओठ दाबून एकेक बटण लावत वर आली. गळ्याशी शेवटचा फास होता, आणि समोर बटण नव्हतं.

“ह्याचं?”

रुमानानं हँगरकडे बोट दाखवलं. “ते बाळाच्या झग्याला लावलंय, गळ्याशी. मला तेव्हा माहीत नव्हतं हो. आता काढून देते.”

मावशीनं मागे वळून पाहिलं. हँगरला बाळाचा झगा लटकत होता, त्याच साटनचा, गळ्याशी एकच बटण.

“काढू नको,” ती म्हणाली. “त्याच्या आयेला फोन कर. सांग, उद्या त्याचं बटन मी लावनार. दुसऱ्या कुनी हात लावायचा नाय.”

रुमानानं फोन उचलला. मावशी परत आरशाकडे वळली. गळ्याजवळच्या रिकाम्या फासात तिनं करंगळी अडकवली आणि तशीच, गळा मिटून धरून, स्वतःकडे बघत उभी राहिली.