उंबऱ्याचे नियम

मैथिलीने पाण्याच्या टाकीच्या लोखंडी झाकणावर तळहात टेकवला आणि डोळे घट्ट मिटून घेतले. मार्च संपत आला होता. तरसालीतल्या त्या टेनामेंटच्या, म्हणजे छोट्या स्वतंत्र घराच्या, गच्चीवर दुपारच्या वेळी पाखरूही फिरकत नसे. गच्चीला त्या घरात, सगळ्या बडोद्याप्रमाणे, अगाशीच म्हणत.

"आवाज करायचा नाही," विहंग म्हणाला. तो टाकीच्या सावलीत मांडी घालून बसला होता. "आवाज केलास की सगळं परत जातं."

तिने दात आवळले. डोळ्यांतून पाणी आले, पण पाण्याला आवाज नसतो आणि नियमात पाण्याबद्दल काही नव्हते. बऱ्याच वेळाने तो "बस" म्हणाला तेव्हा तिने हात उचलला. तळवा लालबुंद झाला होता.

"आता झळाळ्याचा एक तुकडा तुझ्यात आला."

"कुठे?"

"आत. दिसत नाही." विहंगने तिचा हात उलटासुलटा करून पाहिला. "मामी विचारेल तर काय सांगशील?"

"पोळी करायला बसले होते. तवा लागला."

तो समाधानाने हसला. विहंग हसला की मैथिलीला दुखायचे थांबत असे.

अकरा वर्षांची मैथिली मामाकडे राहायला आली त्याला अजून वर्ष झाले नव्हते. वडिलांना मस्कतला नोकरी लागली, आई त्यांच्याबरोबर गेली, आणि तिकडच्या शाळेचे जमेपर्यंत मुलीला बडोद्यालाच ठेवायचे ठरले. निघताना आईने रडू नकोस म्हणून सांगितले, ती रडली नाही. रविवारी फोन येई. आईचा आवाज समुद्रावरून येईतो तिचा प्रश्न शिळा झालेला असे; मग दोघी एकदम बोलत आणि एकदम गप्प होत.

पलीकड नावाची जागा तिला विहंगने दाखवली, ती उत्तरायणाच्या, म्हणजे पतंगांच्या संक्रांतीच्या, दुसऱ्या दिवशी. मांज्याने तिचे बोट कापले होते आणि ती नुसती बोटाकडे बघत उभी होती. मामाच्या चौदा वर्षांच्या विहंगने तोवर तिच्याशी धड चार वाक्ये बोललेली नव्हती. तो फिरकी टाकून जवळ आला.

"तुला येईल," तो म्हणाला.

"काय येईल?"

"जादू."

पलीकड हा देश होता. तो घराच्या आतच होता, पण तिथले नियम वेगळे होते. तिथे दैत्य होते आणि त्यांना मारता येत नसे. एखादा मेलाच तर त्याच्या जागी दुसरा येई, आणि त्या नव्याच्या खोडी कुणालाच ठाऊक नसत; म्हणून ओळखीचा होता तोच बरा. दैत्य ज्याला दुखवी त्याच्या अंगात स्वतःचा एक तुकडा टाकून जाई. असे तुकडे देत देत तो आतून पोकळ व्हायचा, आणि ज्याच्यापाशी तुकडे जास्त, त्याचे मुकाट ऐकू लागायचा. जादू म्हणजे एवढेच. मंत्र नाही, काठी नाही. फक्त दुखताना तोंडातून आवाज निघता कामा नये. निघाला, की साठवलेले सगळे तुकडे दैत्याकडे परत.

करवत्या मांज्यात राहायचा. झळाळ्या उन्हात. कोपऱ्यावरच्या शेव-उसळच्या लारीवर, म्हणजे हातगाडीवर, तिखट्या होता. त्याच्यासाठी मैथिलीने लाल तर्रीची वाटी एका दमात प्यायली आणि लारीवाला कौतुकाने "वाह बेटा" म्हणाला. पण सगळ्यांत मोठा उंबऱ्या.

"तो संध्याकाळी येतो," विहंगने सांगितले होते. "आत येताना त्याच्या तोंडाकडे बघायचं नाही. बुटांकडे बघायचं. नीट जोडीने ठेवले, तर आज तो झोपणार. एक इकडे, एक तिकडे पडला, तर जागा आहे. मग त्याच्या वाटेत यायचं नाही. खोकायचंसुद्धा नाही."

"तुझ्यात त्याचे तुकडे आहेत?"

"पुष्कळ."

"मला एक दे ना."

"असे देता येत नाहीत. आणि उंबऱ्या तुला काही करणार नाही."

"का पण?"

विहंग पायाच्या अंगठ्याने जमिनीवर रेघ ओढू लागला. तो नियम अजून ठरायचा असेल, असे मैथिलीने धरले.

विहंगचे वडील, तिचे सुभानमामा, मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात हिशेब खात्यात होते. त्यांचे आजोबा संस्थानच्या काळात मोठ्या हुद्द्यावर होते, आणि त्यांचा फेट्यातला फोटो बाहेरच्या खोलीत होता. कारखाना गेल्या वर्षी नव्या मालकाकडे गेला. संगणक आले, आणि मामांच्या वर टाय लावणारा एक पोरगेला साहेब आला, जो त्यांना टेबलासमोर उभे ठेवून चुका दाखवी. हे मामा घरी सांगत नसत. मामीला ते बाहेरून कळे आणि ती शेजारणीला सांगे. मैथिलीसाठी मात्र मामा रोज काहीतरी आणत. कधी पेरू, कधी कुल्फी. "भाची म्हणजे देवाघरचं माणूस," असे म्हणून तिच्या डोक्यावर हात ठेवत. ते तिच्यावर कधी ओरडले नव्हते. कधी कधी संध्याकाळी आतल्या खोलीचे दार बंद असे आणि मामी टीव्हीचा आवाज मोठा करून बसलेली असे. केबल नवीनच आले होते. मामीला गाणी मोठ्याने ऐकायला आवडतात, असे मैथिलीला वाटे.

मे महिन्यात निकाल लागला. विहंग नववीत गणितात नापास झाला.

त्या संध्याकाळी मामीने मैथिलीला शेजारच्या नीराबेनकडे पापड लाटायला पाठवले. नीराबेनला बाहेर जायचे होते म्हणून मैथिली लवकर परतली. बाहेरच्या खोलीत टीव्हीवर कोणीतरी नाचत होते. मामी टीव्हीकडे तोंड करून बसली होती, पण तिचे डोळे मिटलेले होते. आतल्या खोलीचे दार नीट लागलेले नव्हते. मैथिलीने ते ढकलले.

विहंग भिंतीला तोंड करून उभा होता. मामांच्या हातात कमरेचा पट्टा होता. पट्टा खाली आला आणि विहंग ओरडला. नुसता ओरडला नाही. "नको पप्पा, नको ना," असे लहान मुलासारखे म्हणत राहिला. त्याच्या शर्टाची बाही त्याने तोंडात कोंबली होती, ती ओली होऊन बाहेर लोंबत होती.

मामांना दारात ती दिसली. त्यांचा हात तिथेच थांबला. त्यांनी पट्टा खुंटीला नीट अडकवला, कपाळ पुसले आणि अगदी मऊ आवाजात विचारले, "मैथू, जेवलीस का गं?"

तिने मान हलवली. विहंग भिंतीकडेच बघत होता.

दुसऱ्या दिवशी ती अगाशीवर त्याच्या शेजारी जाऊन बसली. काय विचारायचे ते तिने रात्रभर ठरवले होते.

"सगळे परत गेले का?"

"काय?"

"तुकडे. उंबऱ्याचे."

विहंगने तिच्याकडे पाहिले. त्याचे डोळे सुजलेले होते. "कसले तुकडे? येडी आहेस का? पलीकड वगैरे काही नाही. मी बनवलं होतं ते."

"पण झळाळ्या..."

"झळाळ्या नाही, कोणी नाही. संपलं ते."

मैथिलीने तळहात उघडून त्याच्यासमोर धरला. मध्ये एक फिकट डाग राहिला होता. "मग हे?"

"तुला कोणी सांगितलं होतं हात ठेवायला?" विहंग म्हणाला आणि जिना उतरून गेला.

त्यानंतर घरात नवल घडले. मैथिलीने पाहिले म्हणून मामांना लाज वाटली असेल, किंवा मामीने पहिल्यांदाच काही बोलून दाखवले असेल. पट्टा खुंटीवरून गेला. मामांनी विहंगला अलकापुरीत गणिताची ट्यूशन लावली आणि तिथे जायला नवी सायकल घेऊन दिली. रविवारी ते त्याच्याबरोबर बुद्धिबळ खेळू लागले. मामी गुणगुणत पोळ्या लाटू लागली. विहंग दोन दोन वाट्या आमरस खाई, शेजारच्या पोरांबरोबर क्रिकेट खेळे, मोठ्याने हसे. त्याच्या अंगावर जरा मांस चढले.

मैथिली अगाशीवर एकटी बसे. एकदा तिने स्वतःहून झाकणावर हात ठेवून पाहिला. नुसते भाजले. बघणारे कोणी नव्हते, बस म्हणणारे कोणी नव्हते, आणि आत काही आले नाही. तिने एक दैत्य रचूनही पाहिला. त्याला नाव दिले, राहायला जागा दिली, पण तो काही केल्या हलेना. रविवारच्या फोनवर आई म्हणाली की इकडच्या शाळेचे यंदाही जमत नाही, पुढच्या वर्षी नक्की. मैथिली "बरं" म्हणाली.

विहंग तिच्याशी वाईट वागत नव्हता. उलट आता तो तिला मैथू म्हणायचा. एकदा त्याने तिला सायकलवर डबलसीट बसवून अलकापुरीला नेले. ट्यूशनला तो गेलाच नाही. एका कॉम्प्लेक्सच्या तळघरात व्हिडिओ गेमचे दुकान होते. अंधारात पडदे लखलखत होते आणि पोरे बटणे बडवत होती. दुकानदार त्याला नावाने ओळखत होता. पडद्यावर एक माणूस लाल लाल राक्षसांना गोळ्या घालत होता. राक्षस मरत आणि नाहीसे होत. त्यांच्या जागी कोणी येत नसे, आणि मारणाऱ्याला कुठे दुखतही नसे.

"मज्जा आहे ना?" विहंग ओरडून म्हणाला. त्याचा चेहरा उजेडात निळा दिसत होता.

"मज्जा आहे," मैथिली म्हणाली.

परतताना त्याने तिला आइसक्रीम घेऊन दिले. "घरी सांगायचं नाही हं. पप्पांना कळलं तर मेलोच मी."

"नाही सांगणार."

तिने लगेच सांगितलेही नाही. जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या सुमारास मामा कारखान्यातून रोज उशिरा येऊ लागले. त्या साहेबाने त्यांच्याकडचे काम काढून दुसऱ्याला दिले होते, असे मामी नीराबेनला म्हणाली. मैथिली संध्याकाळी दाराशी पुस्तक घेऊन बसू लागली. बूट जोडीने ठेवले जायचे. दुसऱ्या दिवशीही जोडीने. ती वाचत राहिली.

एका संध्याकाळी मामांची स्कूटर फाटकाला घासून आत आली. त्यांनी दाराशी बूट काढले. एक भिंतीपाशी गेला, दुसरा पायरीवरून खाली पडला. हातात पेरू नव्हते, कुल्फी नव्हती.

मैथिली उठली. पायरीवरचा बूट उचलून तिने दुसऱ्याशेजारी नीट ठेवला.

"मामा, एक सांगू?"

"उद्या सांग, बेटा."

"विहंगदादा ट्यूशनला जातच नाही," ती म्हणाली. "तळघरात गेम खेळतो. मलाही नेलं होतं. मला भीती वाटली तिथे."

शेवटचे वाक्य तिने ठरवलेले नव्हते. ते आपोआप आले. मामांनी स्कूटरची किल्ली खिशात टाकली. मग त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. हात जड होता.

"बरं झालं सांगितलंस," ते म्हणाले.

आतून विहंगच्या हसण्याचा आवाज येत होता. तो मामीला काहीतरी सांगत होता. मैथिली बाहेरच्या जिन्याने वर गेली. ती अर्ध्यावर असतानाच खाली टीव्हीचा आवाज चढला.

अगाशीवर अजून उजेड होता. मकरपुऱ्याकडच्या धुराड्यांमागे आभाळ पिवळे झाले होते. तिने एक चटई टाकीशेजारी अंथरली, शेजारी पाण्याचा तांब्या ठेवला आणि गुडघे जवळ घेऊन बसली. खालचे गाणे संपले, दुसरे लागले, जाहिराती आल्या. मग टीव्ही बंद झाला.

विहंग वर आला तेव्हा चालताना एका हाताने कठडा धरत होता. तो चटईवर बसला, पण पाठ कशालाही टेकू दिली नाही. मैथिलीने तांब्या पुढे केला. त्याने घेतला नाही.

शेजारच्या अगाशीवर नीराबेन वाळलेले कपडे काढत होती. तिने एकदा या दोघांकडे पाहिले आणि कपड्यांची घडी छातीशी धरून ती खाली गेली.

"एक नवीन आला आहे," विहंग म्हणाला. त्याचा आवाज बसला होता.

मैथिली पुढे झुकली. "कुठे?"

"आपल्याच घरात. लहान आहे. मुलीसारखा दिसतो."

"त्याचं नाव काय?"

"नाव नाही. आपल्याच ताटात जेवतो. आपल्याच सायकलवर बसतो. स्वतः काही करत नाही तो. हातसुद्धा लावत नाही. नुसता जाऊन सांगतो."

"आणि त्याचे तुकडे? ते कसे मिळतात?"

विहंगने पहिल्यांदाच तिच्याकडे वळून पाहिले. अंधार पडत होता, आणि तिचा चेहरा पूर्ण उघडा, उत्सुक, आनंदाने फुललेला होता.

"त्याला तुकडे नसतात," तो म्हणाला.

मैथिली चटईवरून सरकून त्याच्या अगदी जवळ जाऊन बसली.

"मग?" ती म्हणाली. "पुढे सांग ना."