पुन्हा विचारलेला प्रश्न

"रात्री दचकून उठतं काय गं आता?" लीलाबाईंनी आठवा प्रश्न विचारला.

"नाई. एकदम सकाळीच जाग येते," अपेक्षा म्हणाली. दहा वर्षांची पोर, हे सांगताना वर्गात पहिली आल्यासारखी खुलली होती.

शिकवणीच्या मास्तरानं तिच्यावर अत्याचार केले त्याला वर्ष झालं. गेले सहा महिने दर मंगळवारी आई तिला मूर्तिजापूरहून अकोल्याला, जठारपेठेतल्या या केंद्रात, गीतांजलीताईंकडे समुपदेशनाला आणत होती. त्याचा किती उपयोग झाला, हे तपासायचं काम लीलाबाईंचं. तीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून राबलेल्या बाई. कागद चोख ठेवण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. आज त्याच चोख कागदानं त्यांना खिंडीत गाठलं होतं.

एकूण वीस प्रश्न. त्रासाचे गुण दहाच्या खाली आले की मूल बरं झालं असं धरायचं, मंगळवार बंद करायचे आणि जागा यादीतल्या पुढच्या मुलाला द्यायची. अपेक्षाचे आतापर्यंत दोनच झाले होते. पुढच्या महिन्यात तिची कोर्टात साक्ष होती, आणि नेमक्या तेव्हाच तिला गीतांजलीताई मिळणार नव्हत्या. लीलाबाईंचा जीव तुटत होता, पण खोटा आकडा लिहायला हात धजेना.

"नीट आठव माय. एकबी रात्री जाग नाई आली?"

"नाई."

"खरंच नाई?"

अपेक्षाचा चेहरा उतरला. "पोलीसबी असंच इचारत होते," ती हळूच म्हणाली. "एकच गोष्ट तीन-तीनदा. ताई एकदाच इचारते."

लीलाबाईंनी पेन खाली ठेवलं. "तसं नाई बेटा. मले खरं वाटते तुयं."

"मंग तुमाले पायजे ते लिवा."

उरलेल्या बारा प्रश्नांना ती मान खाली घालून 'माईत नाई' एवढंच म्हणत राहिली. नियमानं अशा उत्तराला एक गुण. बेरीज चौदा भरली.

बाहेर आई वाट बघत होती. "मंगळवार चालू राह्यते ना जी?"

"राहील," लीलाबाई म्हणाल्या. त्यांना हवं होतं तेच झालं होतं, आणि त्यांना स्वतःची लाज वाटत होती.

आईचे डोळे भरून आले. "लय उपकार झाले बाई. अपेक्षा, पाया पड आजीच्या."

पोर मुकाट्यानं वाकली.