हिरव्या पानाची ठेव

छातीच्या विभागात तिला सगळे फुंकरबाई म्हणत. श्वासाची चाचणी घेणं हे तिचं काम. रोग्याच्या तोंडात नळी द्यायची आणि "फुंका, अजून, अजून, सोडू नका" असा धोशा लावायचा. एका फुंकीवर ती कुणाला सोडत नसे. तीनदा फुंकायचं, तिन्ही आकडे जुळले तरच तिची सही. नाही जुळले तर चाचणी बाद, मग समोर साहेबांचे साहेब का असेनात.

त्या सकाळी आलेला माणूस वीज केंद्राच्या राखेच्या ढिगावर कामाला होता. दुसऱ्या फुंकीलाच तो खोकून खोकून अर्धा झाला. दम खात म्हणाला, "नवीन दोन धुराडी होतायत, बाई. आमचं काम वाढणार." आणि मोबाइलवर फोटो दाखवला. फाटकावर नवा फलक, त्यावर कर्ज देणाऱ्या बँकेचं नाव, नावाशेजारी एक हिरवं पान.

हेच पान तिच्या ठेवीच्या पावतीवर होतं. तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

दोन वर्षांपूर्वी दिराने घरी येऊन ही हरित ठेव तिच्या गळी उतरवली होती. दीर त्याच बँकेत. "वहिनी, धूर ओकणाऱ्या कुणालाही तुमचा एक पैसा जाणार नाही," म्हणाला होता. तिने आपले पैसे तर हलवलेच, वर ती विभागातल्या नऊ जणांच्या मागे हात धुऊन लागली. आपण इथे फुफ्फुसं तपासायची आणि आपलेच पैसे ती जाळणार? लाज वाटायला हवी, असं ऐकवून डब्याच्या सुट्टीत स्वतः बसून तिने सगळ्यांचे अर्ज भरले.

दुपारी रजा टाकून ती बँकेत गेली. काचेच्या खोलीत दीर बसला होता. त्याने पाणी मागवलं. तिने हात लावला नाही.

"भाऊजी, माझे पैसे कुठे आहेत?"

"हरित प्रकल्पांत, वहिनी."

"कुठे आहेत?"

"म्हणजे, ऊर्जा क्षेत्रात. व्यापक अर्थाने."

"कुठे आहेत?"

त्याने दाराकडे पाहिलं. "वीज केंद्राला कर्ज दिलंय. पण धुराड्यांवर गाळण्या बसवणार आहेत ते. म्हणून बँक ते कर्ज हरित धरते."

"तीन फुंकी, तीन वेगळे आकडे," ती म्हणाली. "माझ्याकडे असं आलं तर मी बाद करते."

"अर्जाच्या सातव्या पानावर तसं कलम आहे, वहिनी. तुम्ही नऊ अर्ज भरलेत, वाचलं नाहीत?"

हे मात्र तिला लागलं. वाचलं नव्हतं. रोग्याच्या तीन फुंकी तपासणारी ती, घरच्या माणसाचा शब्द एका दमात मानून बसली होती. छापील पानाने तिच्या तोंडाला पानं पुसली होती आणि तिने ती नऊ जणांच्या तोंडाला पुसली होती.

"मोडा माझी ठेव."

"दंड बसेल. आणि तुमच्या मागे ते नऊ जण आले तर माझी बढती गेलीच समजा. घरात काय सांगू मी?"

"मला पहिल्यांदा सांगितलंत तेच सांगा," ती म्हणाली आणि सही करून उठली. बरं वाटेल असं तिला वाटलं होतं. वाटलं नाही.

चौकापलीकडे एक लहानशी पतसंस्था होती. कुणाला कर्ज दिलं त्याची यादी ते दारावरच लावत. तिने उभ्या उभ्या पूर्ण यादी वाचली, चष्मा पुसून पुन्हा वाचली आणि मगच खातं उघडलं.

दुसऱ्या दिवशी डब्याच्या सुट्टीत तिने नऊ जणांसमोर सगळं सांगितलं. चूक माझी, मी वाचलं नाही, हेही सांगितलं. एकाने डब्याचं झाकण लावलं आणि उठून गेला. परिचारिका म्हणाली, "आम्हाला शहाणपण शिकवताना बरं सुचत होतं." तिने खाली मान घालून ऐकून घेतलं. तेवढं तिचं देणंच होतं.

कोपऱ्यात, त्या नऊ जणांतल्याच, विभाग झाडणाऱ्या मावशी बसल्या होत्या. आयुष्यभराची पुंजी त्यांनी बाईंच्या शब्दावर ठेवली होती. त्याही चारचौघांत खडसावतील म्हणून बाई त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"मावशी, मोडली तर तुम्हाला दंड बसेल. तो मी भरते. पण बोला काहीतरी."

मावशींनी हात धुतले, पदराला पुसले. "मला कुठे त्या पानातलं काय कळतंय, बाई. मी तुझ्याकडे बघून ठेवले होते. आता कुठे ठेवायचे ते सांग, अंगठा देते."

त्यासरशी बाईला मावशींचाच राग आला. बँकेचा आला नव्हता, दिराचा आला नव्हता इतका आला. "नाही सांगणार," ती ओरडली. "परत माझ्याकडे बघून ठेवाल तर याद राखा."

मावशी तिच्याकडेच बघत राहिल्या.