दोघांनाही सव्वातीन

फर्निचरच्या त्या कारखान्यात चोवीस माणसं कामाला होती, आणि धनुर्वाताची लस वेळेवर घेतलेली होती फक्त चार. आरोग्य केंद्राच्या सिस्टरनं हा आकडा वहीत लिहिला, तेव्हा तिची तिलाच लाज वाटली. खिळे, पटाश्या, करवती, गंजके स्क्रू. धनुर्वाताला याहून हक्काचं माहेर कुठलं?

मागणं काही मोठं नव्हतं. दहा वर्षांतून एकदा दंडावर एक टोचणी. पण पोरांच्या लशीसाठी सकाळपासून रांगेत उभी राहणारी हीच माणसं, स्वतःची पाळी आली की कुणाचं पोट दुखायचं, कुणाला अचानक साहेबांचं बोलावणं यायचं.

"आम्ही रोज खिळे टोचून घेतो, सिस्टर. तुमच्या सुईचं काय कौतुक?" एक सुतार म्हणाला, आणि अख्खी शेड हसली.

तीन फेऱ्या फुकट गेल्यावर सिस्टरला खरी गोम कळली. पुढच्या शेडमध्ये सुतार, त्यांचे प्रमुख मिस्त्री. मागच्या शेडमध्ये पॉलिशवाले, त्यांचे प्रमुख मिस्त्रींच्या धाकट्या बहिणीचे यजमान. म्हणून सगळा कारखानाच त्यांना भाऊजी म्हणे. या दोघांचं वर्षभर बोलणं बंद होतं. कारण काय, तर एक जेवणाचं टेबल. मिस्त्री म्हणत, पॉलिश गडद मारलं. भाऊजी म्हणत, लाकूडच डागी होतं. निरोपांची ने-आण करायची ताई. मधल्या खोलीत सोफ्याच्या गाद्या शिवणारी ही ताई म्हणजे एकाची बहीण आणि दुसऱ्याची बायको. "माझी पार टपालपेटी करून टाकलीय दोघांनी," ती म्हणायची.

मिस्त्रींनी लस घेतली तर सुतार घेणार, भाऊजींनी घेतली तर पॉलिशवाले. आणि दोघांचं एकच पालुपद: "आधी त्यांना घेऊ दे."

सिस्टरनं मिस्त्रींना एकटं गाठलं. सहा फूट उंची, दंड म्हणजे तुळईच. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"खरं सांगू? सुई दिसली की माझ्या पायातलं बळच जातं. पोरांसमोर आडवा झालो तर उद्यापासून माझं कोण ऐकेल? लाकडाच्या कोठारात, गुपचूप द्या. पण कुणाला सांगायचं नाही. शब्द द्या."

सिस्टरनं शब्द दिला. अर्ध्या तासानं भाऊजींनीही तिच्याकडून तोच शब्द घेतला. "मी ओरडतो हो," ते कानकोंडे होत म्हणाले. "कोठारातच बरं. आणि आमच्या मिस्त्रीदादांना तर मुळीच कळता कामा नये."

सिस्टर शब्दाची पक्की. कुणापाशी ती एक अक्षर बोलली नाही. फक्त दोघांनाही तिनं बुधवारची सव्वातीनची वेळ दिली.

बुधवारी मिस्त्री पुढच्या दारानं कोठारात शिरले, भाऊजी मागच्या. फळ्यांच्या थप्पीपाशी दोघं समोरासमोर आले. सिस्टर लशीची थंड पेटी उघडून स्टुलावर बसली होती, चेहरा असा की जणू त्या गावचीच नाही.

"तुम्ही इथं कसे?" मिस्त्रींच्या तोंडून निघालं. वर्षातलं पहिलं वाक्य!

"मी... फळ्या मोजायला. आणि दादा, तुम्ही?"

"मीही."

"मग आधी कोण मोजणार?" सिस्टरनं विचारलं.

दोघांनी पेटीकडे पाहिलं, मग एकमेकांकडे. भाऊजींच्या कपाळावर घाम होता. मिस्त्रींच्या मिशीतूनही तो ओघळत होता. आधी भाऊजींनाच हसू फुटलं. "दादा, तुम्हीसुद्धा?"

"हसू नका. या, बसा शेजारी. हात द्या इकडं."

सिस्टरनं आधी मिस्त्रींना टोचलं. त्यांनी डोळे मिटून मेहुण्याचा हात इतका घट्ट आवळला, की स्वतःची सुई यायच्या आधीच भाऊजी कोकलले. तो आवाज ऐकून दोन्ही शेड धावत आल्या. बघतात तर दोन्ही प्रमुख फळ्यांवर हातात हात घालून बसलेले, दोघांचे डोळे गच्च मिटलेले, आणि सिस्टर भाऊजींच्या दंडावर शांतपणे कापूस दाबतेय.

"मी यांना धरायला आलो होतो," मिस्त्रींनी ताबडतोब जाहीर केलं.

"आणि मी यांना," भाऊजी म्हणाले.

कुणीच विश्वास ठेवला नाही, पण आता मागे कोण हटणार? आधी सुतारांची रांग लागली, ते पाहून पॉलिशवाल्यांची. त्या दुपारी आणखी पंधरा जणांनी लस घेतली. एकाला ताप होता, त्याला सिस्टरनं पुढच्या आठवड्यात बोलावलं. उरलेले दोघेजण मात्र शेवटपर्यंत सापडलेच नाहीत.

पंधरातली शेवटची ताई. बाही खाली करता करता तिनं सहज विचारलं, "तुमची कधी झाली हो, सिस्टर?"

"माझी? झालीय की."

"कधी?"

सिस्टर पेटीची कडी लावू लागली. कडी काही लागेना. नोकरीला लागताना घेतली होती... म्हणजे मुलीच्या जन्माआधी... आणि मुलगी आता सातवीत.

"बारा-तेरा वर्षं झाली असतील," ती पुटपुटली.

"दादाऽ! अहो, ऐकलंत का!" ताईनं भावाला आणि नवऱ्याला एका दमात हाक मारली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आरोग्य केंद्राचं दार उघडतंय तोच मिस्त्री आणि भाऊजी पायरीवर हजर. मोठ्या डॉक्टरीणबाईंना त्यांनी सगळी हकिगत आदल्या संध्याकाळीच सांगून टाकली होती. टेबलावर सुई तयार होती.

"घाबरू नका, सिस्टर," मिस्त्री तिच्या उजव्या बाजूला बसत म्हणाले. "दुखत नाही. मुंगी चावल्यागत होतं."

"ओरडायचं असेल तर ओरडा," डावीकडून भाऊजी म्हणाले. "आम्ही कुणाला सांगणार नाही."

त्यांच्यामागून दारातून बावीस डोकी आत डोकावत होती.