पाणीपाळी मोजणारी सून

गोजरबाईंचं सुनेबद्दलचं गाऱ्हाणं एकच होतं, पण ते त्या दिवसातून चार वेळा, चार दारांत सांगत. तेजस्विनी घरात असली की घरचा फोन लागत नाही. ऐकणाऱ्याला आधी वाटे, सून तासन्‌तास माहेरी बोलत बसत असेल. मग बाई खुलासा करत, की बोलली असती तर बरं झालं असतं, ही तर एक शब्द न बोलता फोन अडवते. फोनची वायर काढून कॉम्प्युटरला लावते, ते यंत्र शेपटीवर पाय पडलेल्या मांजरासारखं ओरडतं, आणि पुढचे दोन तास निरगुडसरच्या या घरी फोन करणाऱ्याला नुसतं टूं टूं ऐकू येतं. जुन्नरची बहीण ठकूबाई, डोळ्याचं ऑपरेशन ठरलं हे सांगायला तीन दिवस फोन लावत होती. शेवटी बिचारीनं एसटीच्या कंडक्टरजवळ निरोप धाडला.

तेजस्विनी सकाळी मंचरला कॉम्प्युटरच्या क्लासात शिकवायला जाई आणि दुपारनंतर घरी स्वतःचे छोटे छोटे प्रोग्राम करत बसे. झालेला प्रोग्राम ती आपल्या वेबसाइटवर ठेवी, म्हणजे ज्याला पाहिजे त्यानं तो फुकट उतरवून घ्यावा. वेबसाइट म्हणजे काय, हे गोजरबाईंच्या मुलानं, अमृतनं, एकदा समजावलं होतं, की आई, आपला ओटाच समज, कुणीही यावं, टेकावं, पाहिजे ते घेऊन जावं. बाईंना ते पटलं नव्हतं. ओट्यावर आलेलं माणूस निदान दिसतं, त्याला चहा विचारता येतो. पानाच्या तळाला आलेल्या माणसांचा आकडा असतो हे कळल्यावर त्या अधूनमधून विचारत. आकडा चारशे बारावर गेला तेव्हा म्हणाल्या, चारशे बारा माणसं घरात येऊन गेली आणि एकाची चप्पल दारात दिसली नाही.

सुनेचा एक प्रोग्राम जुन्या अक्षरांत टाइप केलेलं मराठी पत्र नव्या अक्षरांत करून देई. दुसरा, लाइट गेल्यावर बॅटरी अजून किती मिनिटं तग धरेल ते सांगे. या दोघांशी बाईंचं काही वाकडं नव्हतं. वाकडं होतं ते तिसऱ्याशी.

भावकीतल्या चार घरांची विहीर सामाईक होती. प्रत्येक घराला दोन दिवस पाणी, मग पुढच्या घराची पाळी. अमावास्येला विहीर बंद. मोटेच्या काळात त्या दिवशी बैलांना जुंपत नसत. मोट गेली, बैल गेले, पाच हॉर्सपॉवरची मोटर आली, पण अमावास्येची सुट्टी राहिली. तो दिवस मोजायचा नाही आणि पाळ्या एका दिवसानं पुढं ढकलायच्या, अशी रीत. ही मोजदाद तीस वर्षं गोजरबाईंच्या डोक्यात होती. शाळा दुसरीत सुटलेली, पण सकाळी बापये दाराशी येऊन विचारत, "वहिनी, आज कुणाचं?" आणि त्यांनी नाव घेतलं की पुन्हा कुणी विचारत नसे. भावकीत त्यांचा मान होता तो या एका गोष्टीचा.

आणि सुनेनं तेच यंत्रात घातलं. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात, घड्याळाशेजारी, आज पाणी कुणाचं त्याचं नाव दिसायचं. बाईंनी बारकाईनं पाहिलं आणि विचारलं, याला अमावास्या कळती का? पंचांगातून पुढच्या दहा वर्षांच्या घातल्यात, असं तेजस्विनी म्हणाली. बाईंनी त्या रात्रीच्या भाकऱ्या शेजारच्या घरात ऐकू जातील अशा थापल्या.

दोन हजार सहाच्या जानेवारीत ठकूबाईचं ऑपरेशन झालं. गोजरबाई आठ दिवस जुन्नरला राहून आल्या आणि आल्या संध्याकाळी बोटांवर मोजून म्हणाल्या, उद्यापासून पाणी आपलं. सकाळी त्यांनी स्वतः मोटर चालू केली आणि कांद्याला पाणी सोडलं. तासाभरात त्यांचा चुलत दीर कुंडलिक बांधावर येऊन उभा राहिला.

"वहिनी, आज माझा दुसरा दिवस हाय. मला एकच दिवस पाणी मिळालंय."

"तुमचे दोन्ही दिवस काल सरले, भावजी. मी नव्हते तवा तुमच्या आधीच्यानं जास्त पाणी घेतलं असंल तर त्याला जाब इचारा."

एरवी कुंडलिक माघारी गेला असता. पण आज त्यानं अडखळत बंडीच्या खिशातून एक कागद काढला. त्याच्या मुलीनं, श्रेयानं, कॉलेजच्या कॉम्प्युटरवर तेजस्विनीच्या वेबसाइटवरून तो प्रोग्राम उतरवला होता आणि महिन्याच्या पाळ्या छापून आणल्या होत्या. आजच्या तारखेपुढं कुंडलिकचं नाव होतं.

"मी न्हाई म्हणत. तुमच्याच घरातनं निघालेला कागद म्हणतोय."

एवढ्यात भावकीतले आणखी दोघं येऊन उभे राहिले. गोजरबाईंनी सुनेला हाक मारली आणि सगळ्यांसमोर विचारलं, "सांग, तुझा कागद खरा, का मी खरी?"

तेजस्विनीनं कागद पाहिला, सासूकडं पाहिलं, आणि घरात गेली. पाच मिनिटांनी आली तेव्हा तिची नजर खाली होती.

"कुंडलिकतात्या, प्रोग्राममध्येच चूक झालीय. अमावास्येचा दिवस चुकला माझ्याकडून. आत्यांचं बरोबर आहे."

कुंडलिकनं कागदाची घडी केली, "मग संपलं," म्हणाला आणि गेला.

बाईंना काय आनंद झाला. पाणी लावता लावता त्यांनी दोघीतिघींना हाका मारून सांगितलं, की यंत्र तीस वर्षं जुनं होऊ दे, मग बघू. दुपारी घरी आल्या तर सून पडद्यापुढं. काय लिहितेस विचारल्यावर तिनं वाचून दाखवलं, की पाणीपाळीच्या प्रोग्राममध्ये चूक आहे, कुणी वापरू नये. बारामतीकडचे एक गृहस्थ त्यांच्या पाच भावांच्या विहिरीसाठी तो वापरत होते, त्यांनाही तिनं तसंच कळवलं होतं.

"कुठली अमावास्या चुकली गं?"

"असेल कुठलीतरी," तेजस्विनी म्हणाली.

ते बाईंना खटकलं. ही पोरगी एक काना इकडचा तिकडं झाला तर चूक सापडेपर्यंत जेवायला उठत नसे. ती चूक न शोधता असं म्हणते?

गोजरबाई पडवीत बसल्या आणि बोटांच्या पेरांवर जुन्नरचे दिवस मोजू लागल्या. पहिल्या दिवशी ऑपरेशन. दुसऱ्या दिवशी भाचा आला. मग पट्टी सुटली त्या दिवशी शेजारच्या टेम्पोवाल्यानं चाकापुढं नारळ फोडला होता, आणि खोबऱ्याचा तुकडा ठकूबाईच्या हातावर ठेवत म्हणाला होता, मावशी, आता स्वच्छ बघा. टेम्पोवाले चाकापुढं नारळ फोडतात ते अमावास्येला. ठकूबाईच्या घरी ना शेत ना विहीर, तिथं अमावास्येचं नाव कुणी घेतलं नाही, आणि खोबरं खाऊनही बाईंना ती आठवली नाही. निरगुडसरला त्या दिवशी विहीर बंद होती. बाईंच्या बोटांवर मात्र तो दिवस मोजला गेला होता, म्हणून पाळी एक दिवस आधीच आली होती.

त्या उठल्या. विहिरीवर जाऊन मोटर बंद केली आणि तशाच कुंडलिकच्या दारात गेल्या. त्याच्या बायकोसमोर म्हणाल्या, की आज पाणी तुमचं, मोजण्यात मी चुकले, सकाळी माझ्या कांद्याला गेलं तेवढं माझ्या पाळीतून घ्या. कुंडलिकनं चहा ठेवायला सांगितला. बाईंनी तो नावं न ठेवता प्याला. मग विचारलं, सकाळी जोरानं का भांडला नाहीत? तो म्हणाला, तुमी म्हणल्यावर आमी काय बोलायचं? हेच वाक्य काल ऐकलं असतं तर त्या फुलल्या असत्या. आज ते घरापर्यंत डोक्यावरच्या भाऱ्यासारखं जड झालं.

तेजस्विनी पडद्यापुढंच होती. बाई तिच्या खुर्चीशेजारी कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"तेजस्विनी, तू पोरगी लई गुणाची, पण आज लबाडी केलीस. माझा मान राखायला तू सरळ यंत्राला खोटं पाडलंस, अन्‌ त्या बारामतीकडच्या पाच भावांच्या घरात बी घोळ घालून ठेवलास. इथनं पुढं मी चुकले की चुकली म्हणायचं, चारचौघांत म्हणायचं. फार तर मी दोन दिवस बोलणार न्हाई तुझ्याशी, पण पाणी ज्याचं त्याला जाईल. आता बस अन्‌ लिही, प्रोग्राम बरोबर व्हता, चुकली ती निरगुडसरची गोजरबाई. नाव मोठ्या अक्षरात टाक, येणाऱ्याजाणाऱ्याला कळू दे यंत्राला कुणी तपासलं."